ठणठणीत गुडघे

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजही खालीच झोपला! टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत, पाय वर करून, अंगावर ओव्हरकोट. नाताळाच्या आधीपासून हेच चाललंय. विचारलं तर म्हणतो, "वरची गादी फार मऊ आहे गं, पाठीला सोसत नाही." गादी आहे एकोणीस वर्षांची. ती आत्ता मऊ झाली?

गादी नाही, जिना! मला काय कळत नाही? कठडा असा आवळून धरतो की एक दिवस कठडाच हातात येईल. तेरा वर्षं सैन्याच्या विमानातून उड्या मारल्या या थर्मन लॉकमीनं. छत्री पाठीवर बांधून अंधारात, पावसात, झाडांत, कुठंही उतरला. आणि आता घरातला जिना बघून त्याला टीव्हीवरच्या बातम्या आठवतात. पण "गुडघे दुखतात" म्हणेल? छे! पडलो तरी नाक वर.

एवढ्या मोठ्या पलंगावर मी एकटी, आणि तरी माझ्याच कडेला झोपते, सवयीनं. अडतीस वर्षांची सवय. त्याचं घोरणं मात्र वरपर्यंत ऐकू येतं. तेवढीच सोबत.

मला तो वर हवाय. बस्स.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळण्याची संध्याकाळ. आमच्या स्प्रिंग लेक गावातली निम्मी म्हातारी मंडळी तिथंच असतात शुक्रवारी. कॅटफिश झकास होता, मक्याचे वडे जरा कच्चे.

क्लीवन बेथिया टेबलावर आला. थर्मनच्या पलटणीतला, आमच्या लग्नात याच्याच हातातून अंगठी पडली होती. त्यानं तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "थर्मन, तुझे किती टक्के?"

"कसले टक्के?"

"अपंगत्वाचे रे! माझी कंबर आणि कान मिळून चाळीस."

"माझं काय मोडलंय? मी ठणठणीत."

"मग मघाशी गाडीतून उतरायला सबंध प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ का लागला?"

मी हसले. थर्मननं माशावर लिंबू पिळलं, गरजेपेक्षा जास्त.

मग क्लीवनला नेहमीप्रमाणे माझी डुकरांची गोष्ट आठवली. ती तो दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी त्यात डुकरं वाढतात. पंच्याऐंशी साल. मीही तेव्हा सैन्यात, छत्र्या घडी करणाऱ्या तुकडीत, लाल टोपीवाली. आमच्या तुकडीचा नियमच होता – तू घडी घातलेली कुठलीही छत्री कुणीही, कधीही उचलून तुझ्या हातात देणार, आणि म्हणणार, चल, हीच पाठीवर बांध आणि मार उडी! म्हणजे घडी घालताना हात कधी सैल पडत नाही. तर त्या दिवशी मला माझी छत्री मिळाली, वाऱ्यानं मला मैदानाबाहेर नेलं, आणि मी उतरले ती शेतकऱ्याच्या डुकरांच्या आवारात, सिमेंटच्या गव्हाणीवर! "वहिनी चिखलातून उठल्या," क्लीवन सांगत होता, "डोक्यावर टोपी नाही, एका पायात बूट नाही, आणि ओरडल्या काय? – 'छत्री बघा आधी, फाटली का!'"

सगळं टेबल हसून लोळलं. मीसुद्धा. नंतर पंधरा दिवस लंगडत होते, ते तो सांगत नाही. गोष्टीची मजा जाते.

घरी येताना थर्मन म्हणाला, "चाळीस टक्के! क्लीवनला! तो तर नाचतो." घर येईपर्यंत तीनदा तेच म्हणाला. बी रुजतंय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नेलं त्याला! "टायर बघायला जाऊ" म्हणून बाहेर काढला आणि थेट माजी सैनिकांच्या मदत कचेरीत. तिथं मिस टॉमेका. चाळिशीची, हसरी, स्वतः आरमारातली. थर्मननं पहिलंच वाक्य टाकलं, "आरमार म्हणजे बोटीवर बसून आइस्क्रीम खाणारे ना?"

"हो काका. आणि विमान चांगलं चालू असताना त्यातून बाहेर पडणारे ते तुम्ही ना?"

जमलं दोघांचं.

जुन्या कागदांत त्याच्या गुडघ्यांची नोंद सापडली – अठ्ठ्याऐंशी साली एकदा दवाखान्यात गेला होता, तेही क्लीवननं ओढत नेलं म्हणून. एरवी आमच्यात कुणी जायचंच नाही. आजाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं की उड्यांच्या यादीतून नाव कटणार, आणि वर टोमणे. मिस टॉमेका म्हणाल्या एवढं पुरेसं आहे, अर्ज करू. मग तपासणी. गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, दुखणं कुठं सुरू होतं, ते डॉक्टर मोजणार. त्यावर टक्के, आणि टक्क्यांवर सरकारी भत्ता. आणि जिन्याला चढती खुर्ची हवी असेल तरी तेच – डॉक्टरसमोर सांगावं लागेल की दुखतं.

"सांगाल ना काका?"

"विचारलं तर सांगेन."

कागद सगळे मीच लावले. क्रमानं, काठाला काठ. घडी घालणाऱ्या बाईचा हात आहे शेवटी!

१४ मार्च, गुरुवार

सत्यानाश. हसू की रडू!

तपासणी होती. मी आत बसले, कोपऱ्यात. तपासणारे गृहस्थ आले, पांढऱ्या मिशा, बाह्या दुमडलेल्या – आणि दंडावर छत्रीचं आणि पंखांचं गोंदण! म्हणजे हेही उड्या मारणारे! थर्मननं ते पाहिलं आणि पाठ ताठ. डोळे चमकले. मग दोघांनी पलटणीची आरोळी ठोकली, अशी की बाहेरची नर्स धावत आली.

झालं. पुढं तपासणी कसली, दोन म्हाताऱ्यांचं संमेलन. "कुठल्या साली?" "ऐंशी ते त्र्याण्णव." "त्या रात्रीच्या पाण्यातल्या उडीत होतात का तुम्ही?" "होतो म्हणजे काय!" मधेच गृहस्थ म्हणाले, "बरं, गुडघे कसे आहेत?" आणि माझा नवरा काय म्हणाला?

"ठणठणीत, साहेब!"

पाय वाकवला – पूर्ण. ओठ पांढरे पडले, पण वाकवला. "दुखतं का?" "छे!" दुसरा वाकवला. "दुखतं का?" "छे छे!" त्यांनी दोन पट्ट्यांचा कोनमापक लावला, आकडा लिहिला. बिचाऱ्यांचा काय दोष? जे दिसलं, जे ऐकलं, ते लिहिलं. आणि एवढ्यावर थांबेल तर थर्मन कसला! जमिनीवर कसं पडायचं ते त्यानं करून दाखवलं. पाय, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ – या क्रमानं टेकायचं असं आम्हाला शिकवलेलं. तो आयुष्यभर पाय, कुल्ला, डोकं असाच पडत आला. आजही तसाच पडला. गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीपर्यंत येताना माझ्या खांद्यावर सगळं वजन. मी म्हटलं, "थर्मन, तू गाढव आहेस." म्हणाला, "अगं, त्याच्या दंडावर पंख होते!"

१५ मार्च, शुक्रवार

आरामखुर्चीतून उठलाच नाही. जेवण तिथंच. म्हणतो, "हवामान बदलतंय."

२ मे, गुरुवार

निकाल आला. गुडघे सैन्यातच खराब झाले हे सरकारला मान्य. टक्के – शून्य!

मला वाटलं, आता तरी ओशाळेल. तर हा खूश! "बघ अर्लीन, सरकारनं शिक्का मारून सांगितलंय, गुडघे बरे आहेत." क्लीवनला फोन लावला. क्लीवन म्हणाला, "शून्य टक्के म्हणजे तू अपंग आहेस, पण अजिबात नाहीस. अभिनंदन!"

मी कॉलर्डची पालेभाजी जरा जास्तच आपटून वाढली.

४ मे, शनिवार

सरकारी शिक्क्याचं तेज चढलं होतं. संध्याकाळी म्हणाला, "आज मी वर झोपणार." मला इतकं बरं वाटलं, मी चादरी बदलल्या. केस जरा नीट केले! या वयात!

मग वरून ऐकतेय – एक पाऊल. थांबला. एक पाऊल. खूप वेळ काहीच नाही. वाकून पाहिलं तर जिन्याच्या बरोबर मधोमध बसलेला. वर येता येईना, खाली जाता येईना.

"काय झालं?"

"काही नाही. इथून दिवाणखाना छान दिसतो. इतकी वर्षं लक्षच गेलं नाही."

मी खाली गेले. (मी आपली उलटीच उतरते, शिडी उतरावी तशी. जिना फार उभा आहे.) ताटं घेऊन आले, त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि तिथंच आम्ही जेवलो. कोंबडी, बटाट्याचं सॅलड, गोड चहा. त्यानं माझ्या ताटातली तंगडी पळवली. सहलीला आल्यासारखं वाटत होतं. मग तंगडी ताटात ठेवून म्हणाला, "चादरी बदलल्यास ना? साबणाचा वास येतोय."

मी हो म्हटलं. माझे डोळे भरून आले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण दुखतं असं म्हणाला नाही! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

बसत बसत, एकेक पायरी सरकत खाली उतरला.

५ मे, रविवार

आज पाद्रीसाहेबांचं प्रवचन कुसळ आणि मुसळ यावर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मी थर्मनला कोपरानं ढोसलं. त्यानं मला ढोसलं. त्याला काही कळत नाही.

९ मे, गुरुवार

मिस टॉमेकांकडे पुन्हा. मी सगळं सांगितलं, पडण्याच्या प्रात्यक्षिकासकट. त्यांनी टेबलावर डोकंच ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, ऐका. डॉक्टर तुमच्या मनात शिरू शकत नाही. पाय वाकवा, आणि जिथं दुखायला लागेल तिथं थांबा. आणि म्हणा – दुखतं. बस, एवढं एकच. पूर्ण वाकवून दाखवलंत तर तो पूर्णच लिहिणार."

"पण मी वाकवू शकतो ना."

"मी पण दात घट्ट धरून बर्फाच्या पाण्यात उभी राहू शकते. म्हणून ते कोमट होत नाही."

थर्मन हसला. मग म्हणाला, "मिस टॉमेका, आमच्याकडे तो शब्द नव्हता हो. खरंच नव्हता. विमानाच्या दारात उभ्या माणसानं तो शब्द काढला तर मागची सगळी रांग थांबते."

हे त्यानं मला अडतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगायची गरजही नव्हती. मला माहीतच आहे.

मिस टॉमेका म्हणाल्या, "आता मागं रांग नाही काका. मागं मिस अर्लीन आहेत. त्या एकट्या वर झोपतात."

नवीन पुराव्यासह पुन्हा अर्ज करायचा ठरला. मी डोळ्यांनी पाहते ते लिहून द्यायचं – जिना, गाडी, आरामखुर्ची. थर्मनच्या तोंडाला मात्र त्या एका शब्दाची सवय लावायची. तेच अवघड.

२० मे, सोमवार

घरात कवायत सुरू! नियम मी केला – जो "ठणठणीत" म्हणेल त्यानं त्या दिवशीची भांडी घासायची.

क्लीवन डॉक्टर झाला. माझा पांढरा एप्रन, गळ्यात उड्या मारायची दोरी. "पेशंट, गुडघा वाकवा. दुखतं?"

"जरा जाणवतं."

"जाणवतं म्हणजे काय? गार वारा जाणवतो. पुन्हा!"

"कुरकुरतं."

"दार कुरकुरतं! पुन्हा!"

"अं... आहे थोडं."

"काय आहे? वहिनी, या माणसाला शब्द माहीत नाही. वर्गात मागं बसायचा का?"

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "कसे आहात हो थर्मन?" आणि हा – "ठणठणीत!" भांडी त्याची.

२३ मे, गुरुवार

भांडी थर्मन.

२४ मे, शुक्रवार

भांडी थर्मन. ग्लास मात्र लख्ख घासतो, मानलं पाहिजे.

८ जून, शनिवार

टोमॅटोच्या वाफ्यात तण काढत बसले. उठताना कुंपणाचा खांब धरावा लागला. खांब सैल झालाय, थर्मनला सांगायला हवं.

आत गेले तर तो ओट्यापाशी होता, हातात कप. म्हणाला, "काय सार्जंटबाई, बऱ्या आहात ना?" (माझी बढती त्याच्याआधी दोन वर्षं झाली होती. ते तो विसरत नाही, मी विसरू देत नाही.)

"ठणठणीत!" मी म्हटलं.

तर त्यानं भांड्यांचा स्पंज माझ्या पुढ्यात टाकला! मी म्हटलं, "हा नियम मला लागू नाही. माझे गुडघे कुणी तपासत नाहीये." म्हणाला, "हो का," आणि स्पंज परत उचलला. पण बघत राहिला जरा.

१७ जुलै, बुधवार

आज दुसरी तपासणी. उकाडा असा की गाडीचं हँडल हाताला चटका देत होतं.

या वेळी डॉक्टर ऑक्सेंडाइन, तरुण मुलगी, दंडावर काहीही गोंदण नाही – देवाची कृपा! त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. प्रतीक्षेच्या खोलीत सगळे आमच्यासारखेच. काठ्या, कंबरपट्टे, पलटणीच्या टोप्या. आणि जो तो एकमेकांना "कसं काय?" "मजेत!" "तुमचं?" "एकदम मजेत!" माझ्या शेजारचे व्हिएतनामची टोपी घातलेल्या आजोबांना उभं राहायला दोन माणसं लागत होती, तेही मजेत.

भिंत पातळ होती. मला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "हळूहळू वाकवा. दुखलं की सांगा." शांतता. मी माझ्या पर्सचा पट्टा पिळत होते. थर्मनचा घसा खाकरल्याचा आवाज. मला वाटलं, गेलं. आता येणार "ठणठणीत".

आणि मग – "दुखतं!"

असा ओरडला! कवायतीच्या मैदानावर हुकूम द्यावा तसा. "इथं! इथं दुखतं! थांबा, आता लईच दुखतं!"

बाहेरची सगळी खोली आधी हसली. कुणीतरी म्हणालं, "बाळंतीण आहे का आत?" मीही हसले. मग हळूहळू हसू विरलं, आणि सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. आतून त्याचा आवाज येतच होता, आता हळू – डाव्यातही दुखतं, जिन्यात दुखतं, पावसात दुखतं, सकाळी पहिली काही पावलं तर फारच. इतकं साठलं होतं त्या माणसात.

टोपीवाले आजोबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुमचा माणूस का?"

"हो."

"हं. मग मीही आज खरंच सांगावं म्हणतो."

थर्मन बाहेर आला तो घामानं भिजलेला, पण चेहरा धुतल्यासारखा. "म्हटलं मी," तो म्हणाला. मी म्हटलं, "अख्ख्या तालुक्यानं ऐकलं." वाटेत पीचचं आइस्क्रीम खाल्लं. दोन दोन गोळे!

भांडी मी घासली. त्याचा मान म्हणून.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आला निकाल! उजवा वीस, डावा दहा. सरकारी गणितात वीस आणि दहा तीस होत नाहीत म्हणे. माणूस वीस टक्के मोडला की ऐंशी टक्के धड उरतो, पुढचे दहा त्या ऐंशीतून काढायचे. पण दोन्ही पायांचं आहे म्हणून वर थोडं घालतात, आणि शेवटी तीसच. मिस टॉमेकांनी तीनदा समजावलं. मी फक्त मान हलवली.

क्लीवन म्हणाला, "तीस! आता जरा माणसात आलास."

खुर्चीचंही झालं. डॉक्टरांनी लिहून दिलं. पुढच्या महिन्यात बसवतील.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काय थाट! जिन्याच्या कडेनं लोखंडी पट्टी, तिच्यावर खुर्ची, हाताशी बटण. थर्मननं इस्त्रीचा शर्ट घातला. क्लीवननं तोंडानं बिगुल वाजवला. मी खालून सलामी दिली. खुर्ची इतकी सावकाश चढते की मधे थर्मननं दोनदा हात हलवून जनतेचं स्वागत स्वीकारलं. वर पोचल्यावर ओरडला, "अर्लीन! आपल्याला वरती एक खोली आहे, तुला माहीत होतं?"

आरामखुर्ची कोपऱ्यात सरकवली. ओव्हरकोट कपाटात.

आज त्याच्या बाजूची उशी फुगवून ठेवली. तो आला, धपकन बसला, म्हणाला, "गादी मऊ आहे गं. झकास आहे." मी त्याला उशीनंच मारलं.

जिंकले मी. मला जे हवं होतं ते झालं.

२७ ऑक्टोबर, रविवार

त्याला वर आणला खरा, पण आता जाता-येता माझ्याकडे बघत बसतो! सकाळी मी पलंगाचा खांब धरून उठते – सगळेच धरतात – तर हा जागा, उशीवर कोपर टेकून. "काय बघतोस?" "काही नाही. वरून दृश्य छान दिसतं." मी जिना उतरायला पाठ फिरवली तर हा खुर्चीत, वरच्या टोकाला, खाली बघतोय. "तू उलटी का उतरतेस?" "जिना उभा आहे." "कधीपासून उभा आहे?" "बांधल्यापासून!"

मी खाली पोचेपर्यंत बघत होता. म्हणाला, "मी खाली होतो ना, मला नुसती तुझी पावलं ऐकू यायची. सकाळी पहिली चार-पाच फार हळू पडायची. मला वाटायचं, झोपेत आहेस."

मी म्हटलं, "अंडी कशी हवीत?"

११ नोव्हेंबर, सोमवार

माजी सैनिक दिन. शहरातली सगळी हॉटेलं आज आम्हाला फुकट जेवू घालतात, आणि आमची मंडळी एका दिवसात तीन तीन नाश्ते करतात. पॅनकेकसाठी रांगेत उभे राहिलो. वाढणारी मुलगी थर्मनला म्हणाली, "तुमच्या सेवेबद्दल आभारी आहे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नवऱ्याबरोबर ना?" दर वर्षी हेच! थर्मन दर वर्षी हसतो. आज हसला नाही. म्हणाला, "पोरी, मी ज्या छत्र्या बांधून खाली आलो त्या हिनं घडी घातलेल्या. नीट वाढ, सिरप जास्त घाल."

घरी आल्यावर बघते तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या जागी, माझी लाल टोपी. वरच्या खोलीतल्या पेटीतली. खुर्चीवरून वर गेला आणि शोधून आणली असणार. टोपीखाली मिस टॉमेकांकडचे कोरे कागद. काठाला काठ लावलेले – जमले नव्हते नीट, पण लावलेले.

"हे काय?"

"तुझी तारीख ठरवलीय. गुरुवारी."

"कशाची तारीख? मी ठणठणीत आहे."

त्यानं स्पंज काढला, टोपीच्या शेजारी ठेवला.

"थर्मन, माझी नोंदच नाही कुठं. मी कधी दवाखान्यात गेलेच नाही."

"साक्षीदार आहे. क्लीवननं डोळ्यांनी पाहिलंय. डुकरंही होती, पण ती आता हयात नसावीत."

मी हसले. मग हसता हसता खुर्ची धरून बसले आणि त्यानं ते पाहिलं. म्हणाला, "सार्जंटबाई, नियम कुणाचा? तुमच्याच लाल टोप्यांचा ना? जो घडी घालील त्यानं ती पाठीवर बांधून उडी मारायची. माझे कागद कुणी लावले? 'दुखतं' म्हणायला कुणी शिकवलं? कवायत कुणी घेतली?"

मी टोपीची कड सरळ केली.

"ही तुझी घडी आहे, अर्लीन. आता चल, उडी मार."

भांडी मी घासली. तो शेजारी उभा राहून पुसत होता. प्रवचनातलं मुसळ आठवलं. मला वाटलं होतं ते थर्मनसाठी आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दुखतं. उजवा. जिना उतरताना, वाफ्यातून उठताना, सकाळची पहिली पावलं टाकताना. पंच्याऐंशी सालापासून दुखतं.